तपासून घेतला

सकाळी स्टोअरचं कुलूप काढून थेंबमामांनी दिवा लावला आणि आधी तारेकडे बघितलं. तारेवर वीस रबरी हातमोजे टांगलेले होते. काल कचेरी सुटताना त्यांनी प्रत्येकात काठोकाठ पाणी भरलं होतं, तोंडं सुतळीने आवळली होती आणि दोन-दोन चिमटे लावून ते लटकत ठेवले होते. आता त्यातले सहा तेवढे टम्म होते. बाकीचे वाळत घातलेल्या पायमोज्यांसारखे चपटे पडले होते आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रांचा लगदा झाला होता.

मामांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. चौदा गळके. करारात विसांत एक खराब निघाला तर चालेल, असं लिहिलेलं होतं.

एक चपटा मोजा काढून त्यांनी दिव्याखाली धरला आणि दोन बोटांमधल्या बेचक्यात अंगठ्याने ताणून बघितला. जोड सुटत आला होता. टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं एका रांगेत दिसत होती. हे मोजे घालून माणसं गटारात हात घालणार होती, तेही कोपरापर्यंत.

गटार विभागाचं हे भांडार एकोणतीस वर्षं मामांच्या ताब्यात होतं. फावडी, घमेली, बांबू, गमबूट, हातमोजे, जे काही यायचं ते मामांच्या हाताखालून जायचं. नियमपुस्तकात हातमोज्यांपुढे 'डोळ्यांनी पाहून तपासावे' एवढंच छापलेलं होतं. पण डोळ्यांना न दिसणारं भोक पाण्याला बरोबर सापडतं, हे मामांना नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक खेपेतले वीस मोजे एक रात्र तारेवर काढत. त्यावरून कचेरीने त्यांचं नाव थेंबमामा ठेवलं. नाव कुचेष्टेनं ठेवलं होतं, पण मामांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं.

त्यांची दुसरी खोड सहीची. कुठल्याही कागदावर आधी 'तपासून घेतला' असे दोन शब्द लिहायचे आणि मग त्याखाली सही ठोकायची. हाताला वळणच पडलं होतं. मुलगी शाळेत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा त्यांनी एकदा 'तपासून घेतला' लिहून ठेवलं. वर्गाच्या बाईंनी बोलावून विचारलं, "आम्ही दिलेले मार्क तुम्ही परत तपासलेत की काय?" त्या गोष्टीवर घरात कित्येक वर्षं हसणं चाललं होतं. आता मुलगी सासरी होती आणि मामांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

टेबलावर साहेबांची चिठ्ठी पडली होती. 'नवीन मोज्यांचे वाटप आजच सुरू करावे.' मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली, गळका मोजा हातात घेतला आणि जिना चढायला लागले.

जिन्यात त्यांना दोघे जण भेटले आणि दोघांच्याही खांद्याला निळी बॅग होती. वरच्या मजल्यावर टंकलेखकाच्या खुर्चीला तीच बॅग अडकवलेली, आवक खिडकीतल्या ताईंच्या पायाशी तीच, लहान साहेबांचा डबाही तिच्यातच. निळ्या कापडावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर मोजे बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह, वर केलेला एक पंजा. महिनाभर हे असंच चाललं होतं. बॅगा एकंदर अकरा होत्या. अकरावी मामांच्या घरी खुंटीवर होती.

महिन्यापूर्वी कंपनीने विभागातल्या अकरा जणांना सहकुटुंब दोन दिवस तळ्याकाठच्या एका हॉटेलात नेलं होतं. कागदावर त्याला 'सुरक्षा साधनांचे प्रशिक्षण' म्हटलं होतं. प्रशिक्षण पंचवीस मिनिटं चाललं. एका मुलीने मोजे घालून दाखवले, मग काढून दाखवले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचा वेळ पोहण्याचा तलाव आणि जेवण. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. इथे टाळी आधी वाजली आणि पोळी मागून आली, एवढाच फरक. मामा जायला तयार नव्हते. पण बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुम्ही मला कुठे नेलंत, एक ठिकाण सांगा," आणि मामांना तिचं माहेर सोडून दुसरं ठिकाण आठवेना. मग ते गेले.

हॉटेलात पाऊल ठेवताच, खोलीची किल्ली हातात देण्याआधी, कंपनीच्या माणसाने एक कागद पुढे सरकवला. "मामा, बॅग मिळाल्याची सही." मामांनी तिथेच टेबलावर बॅग उघडली. एक टॉवेल, एक टोपी आणि हातमोज्यांचा एक जोड. मामांनी तिन्ही वस्तू बाहेर काढल्या, मोज्यात फुंकर मारून बघितली, सगळं परत आत ठेवलं. मागे रांगेत उभे असलेले साहेबलोक हसले. तेवढ्यात बायको बाही ओढायला लागली. "अहो, काचेतून बघा तरी. पाणी किती निळं आहे." मामांनी तिकडे बघत बघत कागदावर 'तपासून घेतला' असं लिहिलं आणि खाली सही केली. कागदाच्या माथ्यावर काय छापलंय, ते त्यांनी वाचलं नाही. एकोणतीस वर्षांत न वाचता सही केलेला तो त्यांचा पहिला कागद.

साहेबांच्या खोलीत कंपनीचा माणूस आधीच चहा पीत बसला होता. कचेरीत त्याला हसऱ्या म्हणत. त्याला कुणी शिवी दिली तरी तो आभार मानल्यासारखा हसत असे.

मामांनी मोजा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, विसातले चौदा गळतायत. ही खेप परत पाठवावी लागेल."

साहेबांनी पेनाच्या टोकाने मोजा कडेला सारला. "खेप पास झालीय मामा."

"पास कशी? मी अजून तपासणीचा कागदच केला नाही."

"केलात की." साहेबांनी फाईल उघडून मामांच्या दिशेने फिरवली.

कागद मामांनी लगेच ओळखला. माथ्यावर जाड अक्षरात छापलं होतं, 'हातमोजे : नमुना तपासणी व स्वीकृती'. खाली अकरा सह्या. दहा जणांनी नुसत्या सह्या खरडल्या होत्या. एका सहीवर मात्र स्वच्छ, वळणदार अक्षरात दोन शब्द होते.

"हे बॅगेचं होतं साहेब," मामा म्हणाले.

"बॅगेत नमुना होता ना? तुम्ही तो सगळ्यांदेखत काढून बघितलात. आम्ही हसलोसुद्धा."

"तो एक जोड बघितला. तो चांगला होता. हा माल तो नाहीये."

"थोडं एकोणीस-वीस होतंच मामा," हसऱ्या मध्ये बोलला. "शेवटी माणसंच बनवतात. मामी कशा आहेत? आमची मिसेस अजून आठवण काढते. त्या तलावात पाय सोडून बसल्या होत्या ना, अगदी लहान मुलीसारख्या."

बायकोचा विषय या माणसाच्या तोंडून निघताच मामांनी त्याच्याकडे पाठ केली. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि आवाज मऊ केला.

"हे बघा मामा. नमुना तपासलाच नाही, असं तुम्ही लेखी द्या, मी अडवत नाही. पण मग मला विचारावं लागेल की ही सही कुठे केलीत. तुम्ही म्हणाल, हॉटेलात. मग मी विचारणार, हॉटेलात कशाला गेला होतात? कुणाच्या खर्चानं? आपण सगळे एकाच पाण्यात उतरलोय."

"मी पोहलो नाही साहेब."

"कपडे तर बदललेत ना?"

हसऱ्या हसला. साहेबांनी फाईल मिटली. "आठ महिने राहिलेत तुमचे. सुखानं घरी जा. वाटप आजपासून."

खाली येऊन मामांनी नळावर हात धुतले. साबण लावून परत धुतले. शिसारी आली होती. साहेबांची आली होती, हसऱ्याची आली होती, आणि सगळ्यात जास्त त्या वळणदार अक्षराची आली होती. आयुष्यभर जपलेलं ते अक्षर आता त्या दोघांच्या कामाचं झालं होतं. हात कितीही धुतले तरी ते हाताला सुटणार नव्हतं.

आणि तरीही मामांनी दहा वाजता खिडकी उघडली. हे लिहायलाही बरं वाटत नाही, पण त्यांनी ती उघडली.

वाटपाची पद्धत जुनी होती. जुना मोजा जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. गटारात उतरणारी माणसं रांगेनं येत, फाटके मोजे कठड्यावर टाकत, नवे उचलत आणि वहीत सही करत. मामा प्रत्येकाला सांगत होते, "जपून वापरा रे." नवा मोजा जपून वापरायचा म्हणजे काय करायचं, ते कुणी विचारलं नाही. मामा नेहमीच काहीतरी सांगायचे.

रांगेत सातवा डावऱ्या होता. सोळा वर्षं गटारात उतरणारा हा गडी डावखुरा होता. इतरांचा उजवा मोजा आधी फाटायचा, याचा डावा. म्हणून उजव्या माणसांचे चांगले राहिलेले डावे मोजे मामा एका खोक्यात वेगळे काढून ठेवत आणि डावऱ्याला जोडीबरोबर एक जास्तीचा डावा देत. हा त्या दोघांचा सोळा वर्षांचा व्यवहार होता आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. डावऱ्यामागे त्याचा मेहुणा उभा होता. महिन्यापूर्वीच कामावर लागलेला, अजून वासानं तोंड वळवणारा.

मामांनी तारेवरच्या सहा चांगल्यांतला एक डावा उचलून डावऱ्याला दिला. "हा जास्तीचा. आधी हाच घाल."

"का मामा? जोडीतला बरोबर नाही का?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मागे मेहुणा ऐकत होता, त्याच्यामागे पंधरा माणसं होती, आणि वर, जिन्याच्या टोकाला, साहेब होते.

"नाही रे," मामा म्हणाले. "सगळे तपासलेलेच आहेत."

डावऱ्याने मान डोलावली आणि सही करून गेला. त्या सोळा वर्षांत मामांनी त्याला सांगितलेलं हे पहिलं खोटं होतं. त्या दिवशी मामांनी स्वतःची समजूतही घातली. निदान आपल्या माणसाला तरी आपण चांगला मोजा दिला. साहेबांनी मामांना हॉटेलात न्यावं आणि मामांनी डावऱ्याला तारेवरचा मोजा द्यावा, या दोन्हींत फार अंतर नाही, हे त्यांच्या लक्षात यायला अकरा दिवस लागले.

अकराव्या दिवशी मुकादम खिडकीशी येऊन उभा राहिला. "मामा, डावऱ्याला दवाखान्यात टाकलाय. हात सुजलाय. डावा."

मामांनी खिडकी लावली आणि तसेच निघाले. आजवर कामाच्या वेळेत त्यांनी खिडकी कधी लावली नव्हती.

वॉर्डात डावऱ्या भिंतीकडच्या खाटेवर टेकून बसला होता. डावा हात उशीवर ठेवलेला, पट्ट्यांच्या बाहेर फक्त अंगठ्याचं टोक दिसत होतं आणि तेही काळपट निळं पडलं होतं. मामांना बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

"बस, बस. काय झालं रे?"

"काच होती गाळात. बारीकच चिरलं होतं मामा, रक्तसुद्धा धड आलं नाही. पण आत ते पाणी गेलं."

"मी दिला होता तो मोजा घातला नव्हतास?"

डावऱ्या ओशाळला. "तो मेहुण्याला दिला. त्याच्या हाताला आधीच चीर होती ना. तुम्ही मुद्दाम वेगळा काढून दिलात, म्हटलं चांगला असणार. मला काय, जोडीतला होताच."

"आणि त्यात पाणी येत होतं, ते कळलं नाही तुला?"

"कळत होतं ना. बोटं ओली लागायची सारखी." डावऱ्या जरा हसला. "पण मोजा तुम्ही तपासलेला. म्हटलं घाम असेल."

मामा खाटेच्या कडेला बसून राहिले. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, फिनेलचा वास येत होता. सोळा वर्षं गटारात काढलेल्या माणसाला गटाराचं पाणी ओळखू आलं नव्हतं, कारण मामांचा शब्द त्याला स्वतःच्या बोटांपेक्षा खरा वाटला होता. मामांना वाटलं की याने आपल्याला चार शिव्या द्याव्यात. त्याने दिल्या नाहीत.

"दोन बोटं काढायची म्हणतायत उद्या," डावऱ्या म्हणाला. "करंगळी आणि तिच्या शेजारचं. नाहीतर वर चढेल म्हणे."

घरी आल्यावर मामांनी चपला काढल्या आणि सरळ खुंटीपाशी गेले. "ती बॅग परत करायचीय. त्यातलं जे जे होतं ते परत त्यात घाल. टॉवेल, टोपी, मोजे."

"कशाला?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

मामांनी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, काही न गाळता. खिडकीतलं खोटंही सांगितलं. ती हात पुसत बाहेर आली होती, ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"म्हणजे तुम्ही लिहून देणार."

"हो."

"पेन्शन अडकवतील."

"अडकवतील."

ती उठली. मग कपाट उघडून तिने टॉवेल काढला. घडी मोडलेली नव्हती, कागदाची चिठ्ठीसुद्धा तशीच होती. "मी एकदाही वापरला नाही. कुणी पाहुणे आले की काढू म्हणून ठेवला होता." तिने तो बॅगेत ठेवला, वर टोपी ठेवली, मोज्यांचा जोड ठेवला. टीव्हीवर फ्रेममध्ये तिचा फोटो होता. निळ्या पाण्यात पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून बसलेली, साडी गुडघ्याशी धरलेली, मामांनी कधी न बघितलेलं हसू चेहऱ्यावर. हसऱ्यानेच काढून दिलेला फोटो. तिने तो फ्रेममधून ओढून काढला आणि बॅगेत टाकला.

"वस्तू झाल्या," ती म्हणाली. "आणि मी तासभर त्या पाण्यात बसले होते, ते कसं परत करायचं? तेही लिहा त्यात."

ती मोरीत गेली. बराच वेळ आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आणि पाय घासल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत लाल झाले होते. रिकामी फ्रेम तिने पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मामा निळी बॅग आणि एकपानी अर्ज घेऊन आवक खिडकीशी उभे राहिले. अर्जात फार काही नव्हतं. नमुना तपासणीच्या कागदावरची माझी सही भेटवस्तूंच्या बॅगेसाठी होती. आलेली खेप गळकी आहे. हे माहीत असून मी ती वाटली. कंपनीच्या खर्चाने मी आणि माझी पत्नी दोन दिवस हॉटेलात राहिलो. बॅग सोबत परत करत आहे.

आवकवाल्या ताईंनी अर्ज वाचला आणि टेबलाखालची स्वतःची बॅग पायाने आत सरकवली. "मामा," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या एकट्यापुरतंच लिहिलंय ना?"

"मला माझ्यापुरतंच लिहिता येतं ताई."

"मग बरं." त्यांनी शिक्का मारला. नंतर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या मुलाला फार आवडलं होतं हो ते हॉटेल."

पोच घेताना मामांच्या हाताने सवयीने पेन उचललं आणि कागदावर टेकवलं. मग त्यांनी नुसतीच सही केली. सही नागडी दिसत होती.

चौकशी तीन महिने चालली. चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पाण्याचा पेला होता आणि पेल्याखालच्या चकतीवर वर केलेला पंजा छापलेला होता. दहा जणांनी एकच जबाब दिला की आम्ही प्रशिक्षणाला गेलो होतो, प्रशिक्षण उपयुक्त होतं. बॅगेचं विचारल्यावर, ती प्रशिक्षण साहित्याची होती, असं म्हणाले. डावऱ्याच्या बोटांचं विचारल्यावर, त्याने कामात निष्काळजीपणा केला, असं म्हणाले. हे सांगताना साहेबांचा आवाज दुखवट्याला गेल्यासारखा झाला होता. हसऱ्याने दिलगिरी व्यक्त केली आणि तेव्हाही त्याचे दात दिसले. भेटवस्तू घेतल्याचं लेखी कबूल करणारा माणूस एकच होता, त्यामुळे ठपका त्याच्यावर आला. मामांना भांडारातून काढून तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत बसवण्याचं ठरलं. पेन्शनचं पुढे बघू, असं सांगण्यात आलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कचेरीतले काही जण जिन्यात कुजबुजले. मामांच्या कानावर ते आलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. संन्याशाने बॅग घेतली नसती आणि खिडकीही उघडली नसती.

एक मात्र झालं. गळकी खेप परत गेली आणि दुसरी आली. तळघरात जायच्या आदल्या दिवशी मामांनी तिच्यातले वीस मोजे तारेवर टांगले. सकाळी फक्त एक गळालेला निघाला. अर्जाच्या बदल्यात एवढं मिळालं होतं, आणि मामांनी ते कमी मानलं नाही. नव्या भांडारपालाला ताबा द्यायचा होता, तो अकराला येणार होता. तोवर खिडकी मामांची होती.

दहा वाजता रांग लागली. पहिलाच डावऱ्या उभा होता.

"रुजू झालास?" मामांनी विचारलं.

"कालपासून. हलकं काम मागितलं होतं, म्हणाले जागा नाही." त्याने उजव्या हाताने जुना डावा मोजा कठड्यावर टाकला. तोच, त्या खेपेतला. "हा जमा करून घ्या. दोन बोटं पण जमा करायची होती, पण दवाखान्यानं ठेवून घेतली."

तो स्वतःच हसला. मागच्या माणसांतला एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. मामांनी नवी जोडी पुढे ठेवली, तिच्यावर तारेवरून काढलेला एक जास्तीचा डावा ठेवला. वही उघडून पेन दिलं.

डावऱ्याने पेन उचललं नाही. जास्तीचा डावा मोजा त्याने हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग कठड्यावरून आत हात घालून मामांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या घेतला.

"राग नका मानू मामा," तो म्हणाला.

"नाही मानत. भर."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे चल ना, बाहेर गाडी थांबलीय." त्याचा मेहुणा रांगेतच होता. तो वळून म्हणाला, "थांबू दे."

डावऱ्याने तांब्या तिरका केला. मोज्याचं तोंड त्याने डाव्या हातात, उरलेल्या तीन बोटांत धरलं होतं. पाणी हळूहळू खाली उतरलं. अंगठा भरला, मग दोन बोटं, मग शेवटची ती दोन, ज्यांत घालायला आता त्याच्याकडे काही नव्हतं. तीही इतरांसारखीच टम्म झाली. त्याने मोज्याची मान पिळून गच्च आवळली आणि मोजा डोळ्यांसमोर उंच धरला.

मामांनी वही मिटली आणि तेही उठून खिडकीशी आले. रांगेतली माणसं पुढे सरकली. खाली कठड्यावर एखादा थेंब पडतोय का, ते सगळेच जण न बोलता बघत उभे राहिले.